मुलांच्या स्वतंत्र प्रयोगांना कॉलेजने पैसे द्यावेत का?

रानवाट
धाकटी बहीण सांगलीकडच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कृष्णाकाठची क्षारपड जमीन आम्ही लहानपणापासून बघतोय. आता विहिरींच्या पाण्यातले क्षार पावसाआधी आणि पावसानंतर किती बदलतात, ते ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मोजताहेत. अभ्यासक्रमात नाही, कुणी सांगितलेलंही नाही. 24 विहिरी, धुऊन घेतलेल्या बाटल्या, वहीत आखलेला तक्ता. कॉलेजकडे मागितलं काय, तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं एक टीडीएस मीटर आणि एसटीचं भाडं. उत्तर आलं, "आविष्कारला निवड होऊ दे, मग बघू."

आविष्कार ही आपल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा 2006 पासून चालू आहे आणि ती चांगलीच आहे. पण स्पर्धेत मांडायचं ते आधी करावं लागतं ना? पैसे तेव्हा लागतात. प्रत्येक कॉलेजने वर्षाला लाखभर रुपये बाजूला काढावेत, प्रयोगाला, माहितीपटाला, नाटकाला पाच-पाच हजार द्यावेत. प्रयोग फसला तरी परत मागू नयेत.

खडूफळा
असहमत. मी एका विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हे लाखभर येणार कुठून? फीमधूनच. सकाळी दुकानात काम करून दुपारी वर्गात येणाऱ्या मुली माझ्याकडे आहेत. त्यांनी फी भरायची आणि ज्यांना अर्ज लिहायला जमतो, वेळही असतो, त्यांनी प्रयोग करायचे? आमच्या प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याचा आकडा दोन वर्षं झाली, स्थिरच राहत नाही. मुलं तिसऱ्यांदा वजन करतात आणि शेवटी शेजारच्याचं उतरवून घेतात. आधी तो काटा दुरुस्त करा.

तिसरी घंटा
नाटकाला यात ओढू नका, प्लीज. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा होतेय, तिथे भर लेखन, अभिनय आणि दिग्दर्शनावर. आमच्या एकांकिकेत दोन खुर्च्या आणि एक कंदील होता. पैसे नव्हते म्हणून संहितेवर महिनाभर घासलो आणि त्यानेच ती उभी राहिली. कॉलेजने द्यायचंच तर रात्री नऊपर्यंत हॉलची किल्ली द्यावी. आम्ही पार्किंगमध्ये तालमी केल्या आहेत.

रानवाट
किल्ली द्यायलाच हवी, शंभर टक्के. पण कंदिलावर नाटक होतं, मीटरशिवाय क्षार कसे मोजणार?

@खडूफळा, अर्जाचं तुमचं म्हणणं पटलं. मग एक पान, मराठीत, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने सरांसमोर बसून सांगावं. काम करून शिकणाऱ्या मुलींना तर हे पैसे आधी मिळावेत. खिशातून खर्च करणं त्यांनाच जमत नाही.

कक्षा
पुण्यातल्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेच्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह आठवतोय का? वजन जेमतेम किलोभर. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून गेला. एका बॅचने सुरू केलेलं काम पुढच्या बॅचेसनी नेलं. इतकी वर्षं हाती काही दिसत नसताना पाठीशी उभं राहावं लागतं. लगेच निकाल मागितला असता तर तो उडालाच नसता.

खडूफळा
ती पुण्यातली जुनी, नावाजलेली संस्था आहे हो. तिच्यावरून तालुक्याच्या कॉलेजचा हिशेब मांडू नका. रोख पैशांना माझा विरोध कायम. पण मीटर कॉलेजच्या नावाने घ्या, मुलींना वापरायला द्या, काम झालं की प्रयोगशाळेत जमा करा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. याला मी सही करीन.

रानवाट
मीटरचं मान्य. भाड्याचं काय? मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी 24 विहिरींच्या दोन फेऱ्या म्हणजे त्यांच्यासाठी थोडंथोडकं नाही. तिने सगळी तिकिटं वहीच्या मागच्या पानावर चिकटवून ठेवलीत, कुणी कधी मागितलीच तर म्हणून. नऊ विहिरी अजून राहिल्यात आणि वळीव सुरू झालाय.