शनिवारच्या मोर्च्यासाठी ढोल हवेत, गॅरेजची चावी कुणाकडे?

केदार
मंडळी, शनिवारच्या युद्धविरोधी मोर्च्याला सहा ढोल आणि दोन ताशे लागणार आहेत. चावी नंदूदादाकडेच आहे ना? गणपतीत दोन ढोलांची पानं सैल पडली होती. कुणी आवळली असतील तर कळवा, नाहीतर शुक्रवारी रात्री मी येऊन आवळतो. व्हॅनची सोय झाली आहे.

नंदूदादा
चावी माझ्याकडे आहे, पण ढोल असे बाहेर काढता येणार नाहीत. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. कुठल्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही आणि सरकारी धोरणाविरुद्ध बोलायचं तर ते संस्थेच्या उद्देशांशी जोडलेलं हवं, असं इंग्लंड-वेल्समधल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणारं चॅरिटी कमिशन सांगतं. आपल्या घटनेत भाषा, सण आणि संस्कृती एवढंच आहे. शिवाय प्रत्येक ढोलावर मंडळाचं नाव रंगवलंय. तक्रार गेली तर जाब विश्वस्तांना द्यावा लागतो. मी असल्या कशावर सही करणार नाही. आणि खरं सांगायचं तर इथल्या परराष्ट्र धोरणात आपण कशाला पडायचं?

केदार
दादा, यात पक्ष आला कुठे? सरकार लेबर पक्षाचं आहे आणि आम्हा पथकातल्या निम्म्यांनी मत लेबरलाच दिलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केलं की २०२७ पर्यंत संरक्षणखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचा. पैसा कुठून? परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणून. त्यांच्याच मंत्री अ‍ॅनलीझ डॉड्स यांनी त्यावरून राजीनामा दिला. जगातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या औषधातून तोफेचे पैसे काढायचे, हे मला पटत नाही. याच सरकारने जुलै २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दोनच मुलांपुरता भत्ता देण्याच्या मर्यादेविरुद्ध मत दिलं म्हणून सात खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून निलंबित केलं आणि पुढे स्वतःच ती मर्यादा काढायचं ठरवलं. म्हणजे ते सात जण बरोबरच बोलत होते ना? तेव्हा बाहेरून रेटा असल्याशिवाय हे हलत नाहीत.

मृण्मयी
केदार, ढोल मिळाले तरी माझं येणं कठीण आहे. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं ठरवायचा प्रस्ताव आला, तेव्हापासून आमच्या घरी रोज तोच विषय. माझ्यासारख्यांना गर्दीत काही झालं तर उगाच नोंद होण्याची भीती वाटते. आणि ढोलांचं एक लक्षात घ्या. २०२२ च्या पोलीस कायद्यानंतर मोर्च्याच्या आवाजावरही पोलीस अटी घालू शकतात. सहा ढोल आणि दोन ताशे पुलाखालून गेले की काय होतं ते आपण विसर्जनाला ऐकलंय. आयोजकांशी आधी बोलून घेतलंय का?

शुभाताई
मृण्मयी, काळजी वाटणं साहजिक आहे, तू घरी राहिलीस तर कुणीही काही बोलणार नाही.

केदार, ढोल कुणाचे हे आधी स्पष्ट करू या. पहिले चार ढोल आम्ही बायकांनी दिवाळीच्या स्टॉलवर वडापाव तळून घेतले आहेत. पथक सुरू झालं तेव्हा कार्यकारिणीतल्या कुणालाच ते नको होतं. त्यामुळे चावीपेक्षा आधी आम्हाला विचारायला हवं.

आणि मुद्द्याचं. युक्रेनमधल्या एक आई-मुलगी २०२२ पासून दीड वर्ष आमच्या वरच्या खोलीत राहत होत्या. मुलगी पाच वर्षांची. शेजारी फटाके वाजले की ती जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसायची, हाक मारली तरी बाहेर यायची नाही. हिच्या वडिलांना शस्त्रं देऊ नका, असं मी म्हणू शकत नाही. गाझावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचे सुटे भाग इथून जाऊ नयेत, हे मात्र मी कुठेही उभी राहून म्हणेन. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने इस्रायलचे साडेतीनशेपैकी सुमारे तीस निर्यात परवाने थांबवले, पण एफ-३५ या लढाऊ विमानांच्या सुट्या भागांना मोठी सवलत ठेवली. तुमच्या फलकावर नक्की काय लिहिणार आहात? ‘सगळी शस्त्रं बंद’ असेल तर माझे ढोल नाहीत.

अण्णा
नंदू, ‘आपण कशाला पडायचं’ हे मला सहन होत नाही. मुंबईचे शापूरजी सकलातवाला १९२२ साली लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून खासदार झाले. त्यांना कुणी पाहुणे समजलं असेल, ते स्वतःला तसं समजले नाहीत. १९७६ पासून लंडनच्या ग्रनविक फोटो कारखान्याच्या गेटवर जयाबेन देसाई संपात उभ्या राहिल्या, त्याही साडी नेसून. कर आपण भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात, मग युद्धाचा हिशेब तेवढा दुसऱ्याने विचारायचा?

१५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्धच्या मोर्च्यात मी लंडनच्या एम्बँकमेंटवरून हाइड पार्कपर्यंत चाललो. पोलिसांच्या हिशेबाने साडेसात लाख माणसं होती, आयोजक वीस लाखांपर्यंत आकडा सांगत. महिन्याभराने, १८ मार्चला, संसदेच्या कॉमन्स सभागृहाने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला हो म्हटलं. रॉबिन कुक आदल्या दिवशीच मंत्रिपद सोडून गेले होते. या युद्धाच्या चौकशीचा चिलकॉट अहवाल २०१६ मध्ये आला, शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्धात उतरलो असं सांगणारा. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि लाखांवर इराकी गेले होते. लोक विचारतात, चालून काय मिळालं? ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावर हल्ल्याच्या तयारीचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला. त्या सभागृहात इराकची धास्ती बसलेली होती आणि ती आम्ही रस्त्यावरून आत पाठवली होती, असं मी मानतो.

नंदूदादा
अण्णा, २००३ ला तुमच्यासोबत मीही होतो, तेव्हा मला ते सांगू नका. प्रश्न ढोलांचा आहे.

शुभाताई
लग्नाला आपण ढोल भाड्याने देतोच ना? तेच करा. केदारने स्वतःच्या नावावर घ्यावेत, भाडं आणि अनामत भरावी, पावती घ्यावी. मंडळाचं नाव कापडाने झाकायचं, टी-शर्ट मंडळाचे नकोत. मग ते मंडळाचं काम राहत नाही. फलकाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

केदार
फलकावर ‘मदत कापून युद्धखर्च नको’ आणि ‘इस्रायलला शस्त्रं नकोत’, एवढंच. युक्रेनवर पथकात एकमत नाही, म्हणून त्यावर काही लिहिलेलं नाही. आवाजाबद्दल आयोजकांशी उद्या सकाळी बोलतो. ते म्हणाले तर चारच ढोल नेऊ.

शुभाताई
चालेल. माझे चार घेऊन जा.

नंदूदादा
नेहमीचाच दर, सवलत मागू नकोस. इतर विश्वस्तांना मी आज रात्री वेगळी मेल टाकतो, दोघांचा होकार आला की शुक्रवारी सातला गॅरेज उघडतो. पान फाटलं तर अनामतीतून कापणार. टिपरं मोजून नेशील, मोजून आणशील.

मृण्मयी
कापड मी शिवून देते. ढोलांचा घेर किती आहे ते कुणीतरी मोजून कळवा.