जळगावात आजारी मुलांच्या वॉर्डात व्हॉलंटियर म्हणून जायचंय, काय काळजी घेऊ?

तापीकाठ: कॉलेजला आहे. थॅलेसेमिया (रक्ताचा जन्मजात आजार), ब्लड कॅन्सरवाल्या लहान मुलांसोबत रविवारी थोडा वेळ गोष्टी, चित्रं वगैरे. डायरेक्ट गेलं तर चालतं का? खाऊ नेऊ?

केळीवाला: डायरेक्ट नको भो, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात त्यांना आधी भेट. सर्दी-खोकला असला तर घरीच थांब, केमोत (कॅन्सरच्या औषधोपचारात) पांढऱ्या पेशी कमी होतात अन् आपली साधी सर्दी त्या पोरांना लई महागात पडते. टेडी नको, पुसता येईल असं खेळणं ने. खाऊ सिस्टरला विचारूनच, अन् फोटो काढून स्टेटस टाकू नको (लोकांना कधी कळेल देव जाणे).

सातपुडाताई: नंदुरबारकडची सिकलसेलची (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरं असतील तर थंडीत त्यांचे हातपाय फार ठणकतात, तेव्हा खेळायचा आग्रह नको, नुसतं बस. एक पोरगी सलाईनचा हात उशीवर ठेवून डाव्या हाताने पोळ्याचे बैल काढायची, शिंगं लालच पाहिजेत म्हणून हट्ट. आणि अहिराणीत बोल रे, "तुनं नाव काय शे?" म्हटलं की निम्मी खुलतात, पावरा आदिवासी पोरांची बोली वेगळी, त्यांना कळेलच असं नाही.

तापीकाठ: थँक्यू ताई. खडू चालतील?

सातपुडाताई: मेणाचे ने, फळ्याचे नको, धूळ उडते.