मदत हवी आहे: निरंजन पाल यांची श्रेयनामावली कशी पडताळावी?

पटकथाकार निरंजन पाल यांची चित्रपटसूची पुण्यात बसून तयार करतोय. मूकपट सरळ आहेत: ‘प्रेम संन्यास’ (१९२५), ‘शिराझ’ (१९२८), ‘प्रपंच पाश’ (१९२९). अडचण १९३४ नंतर, बॉम्बे टॉकीज या मुंबईतल्या चित्रपटसंस्थेच्या काळात येते. ‘अछूत कन्या’त (१९३६) कथा पाल यांची आणि संवाद जे. एस. कश्यप यांचे, पण नंतरच्या याद्या दोघांनाही सरसकट ‘लेखक’ म्हणतात. कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी कामं एकाच रकान्यात कोंबली की पाल यांचं नेमकं काम पुसलं जातं, आणि ते मला मुळीच चालणार नाही.

आतापर्यंत इंटरनेटवरच्या याद्या ताडून पाहिल्या. त्या एकमेकींवरूनच उतरवल्यात, चुकासुद्धा त्याच. यूट्यूबवरच्या प्रतींमध्ये सुरुवातीची नामावली बरेचदा कापलेली असते. मूकपटांची लांबी मिनिटांत न देता फुटांत नोंदवतोय, कारण ३५ मिमीची ९,००० फूट फिल्म सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम) १५० मिनिटं चालते, २४ ने १००.

आता चित्रपटासोबत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या मूळ पुस्तिका आणि त्या काळच्या जाहिराती पाहायच्यात. स्कॅन चालतील, पण मुखपृष्ठाच्या आतलं श्रेयाचं पान हवंच. मुंबईला आठवड्यातून एकदाच जाता येतं.

इथल्या, पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९३५-३७ च्या पुस्तिका पाहण्यासाठी अर्जात नेमकं काय लिहावं? आणि पुस्तिका व पडद्यावरची नामावली जुळली नाही, तर तुम्ही कोणती ग्राह्य धरता?