अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे नक्की काय झालं?

मोटारवाइंडर:

नमस्कार मंडळी. रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. १७ जूनच्या रात्री साडेदहाला त्याला नाक्यावर अडवलं, कागदांवरून बाचाबाची झाली. याचंही तोंड सुटतं, ते मी नाकारत नाही. ठाण्यात नेलं आणि पहाटे चारपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं. अटक नाही, नोटीस नाही, घरी फोन नाही. मधेच एका हवालदाराने डाव्या कानाखाली दोन ठेवून दिल्या. चारला "निघ आता, परत दिसू नको" म्हणून सोडून दिला.

सकाळी चहा पिताना मला म्हणाला, "दादा, नाक शिंकरलं की कानातनं हवा येतीय." सरकारी दवाखान्यात नेला. पडद्याला भोक पडलंय म्हणाले. कसं झालं विचारल्यावर हा घाबरून म्हणतो, पडलो. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सांगितलं तेच केसपेपरवर लिहिलं.

मी एसपी ऑफिसात अर्ज दिला. वीसेक दिवसांनी फोन आला, जबाब द्यायला या. कुठे, तर त्याच ठाण्यात! गेलो. एक जण जबाब टाइप करत होता आणि शेजारच्या टेबलावर तोच हवालदार समन्सची पाकिटं डिंकाने चिकटवत बसला होता. भाऊ पूर्ण वेळ त्या डिंकाच्या बाटलीकडे बघत बोलला. प्रिंट काढली, त्याने सही केली. घरी येऊन मोबाईलमधला फोटो वाचतो तर शेवटची ओळ: "माझी आता कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही." हे वाक्य तो बोललाच नव्हता.

मागच्या आठवड्यात पत्र आलं. "अर्जातील मजकुरात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे."

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शहरातली क्लिप फिरली. पोलिसाने भाजीवालीची पाटी लाथेने उडवली. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, संध्याकाळी निलंबन. आमच्या ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. मीही अंगठा दिला, खोटं कशाला बोलू. मग रात्री डोक्यात आलं की आपल्याकडे व्हिडिओ नाही, म्हणून आपलं काहीच घडलं नाही असं झालं की काय? व्हिडिओ नसलेल्या माणसाची चौकशी नक्की होते कशी? आणि आता पुढे काही करता येतं का, की संपलं?

खोडरबर:

दप्तरी दाखल म्हणजे दप्तरात गेला. दप्तर माळ्यावर. माळ्यावर उंदीर. पुढचा प्रश्न?

निवृत्त_अंमलदार:

खोडरबर, गंमत पुरे. पोराचा कान फुटलाय.

मी ३३ वर्षं खात्यात काढली, त्यातली चार अर्ज शाखेत. तेव्हा ऐक. दप्तरी दाखल म्हणजे पुढे काही कारवाई न करता अर्ज बंद करून फायलीत ठेवला. तुझ्या अर्जावर झाली ती 'अर्ज चौकशी'. त्यात कुणावर दोषारोप ठेवलेला नसतो. वरिष्ठांनी शेरा मारायचा, अर्ज खाली यायचा, ज्याच्या हद्दीतला त्याच्याकडे जायचा. म्हणूनच तो फिरून त्याच ठाण्यात आला. यात कोणी मुद्दाम डाव टाकला असंही नाही, वाट पडलीय तशी. पण वाईट वाट आहे, हे मी तेव्हाही म्हणायचो. तुमच्या अर्जात "चौकशी दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे द्यावी" ही एक ओळ नव्हती. ती कोणी सांगत नाही.

खरी चीज म्हणजे कसुरी अहवाल, म्हणजे पोलिसाने कामात कसूर केल्याचा वरिष्ठांकडे गेलेला अहवाल, मग प्राथमिक चौकशी, आणि त्यात दम निघाला तर विभागीय चौकशी. तिथे दोषारोपपत्र देतात, साक्षीदार बोलावतात, उलटतपासणी होते. शेवटी शिक्षा: सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, अगदी बडतर्फीपर्यंत. आणि कोर्टात जेवढा पक्का पुरावा लागतो तेवढा खात्यात लागत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूस खात्यात दोषी ठरू शकतो.

आता त्या भाजीवालीच्या क्लिपबद्दल. निलंबन ही शिक्षा नाही रे बाबा. चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला बसवायचं, एवढंच. सुरुवातीला साधारण निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून चालू असतो, मुख्यालयात हजेरी द्यायची. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटू नये. लोक टाळ्या वाजवून गेले, की सहा महिन्यांनी कोण विचारतो त्या विभागीय चौकशीचं काय झालं? क्लिप टाकणारासुद्धा नाही.

एक विचारतो. हवालदाराचा बक्कल नंबर, म्हणजे खात्यातला त्याचा ओळख क्रमांक, टिपलाय का?

मोटारवाइंडर:

काका, नावाची पट्टी नव्हती. बक्कल नंबर भावाला शेवटचे तीन आकडे आठवतात. जबाबाच्या दिवशी मी आडनाव ऐकलं, बाकीचे हाक मारत होते.

मिस्टर_खात्यात:

माझे मिस्टर पोलीस नाईक होते, आता हवालदार. दादा, तुमच्या भावाचं झालं ते चूकच, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण लोकांना एवढंच दिसतं. गणपतीत दहा दिवस हे घरी फक्त आंघोळीला येतात. नाक्यावर दारू प्यालेला माणूस कॉलर धरतो तेव्हा कोणाचा मोबाईल बाहेर निघत नाही. एका क्लिपवर सगळं खातं उघडंनागडं करायचं, हे मला नाही पटत. अर्धवट व्हिडिओवर निलंबित झालेला माणूस पुढे सुटला, तर ती बातमी कोणी छापत नाही.

उलटतपासणी:

ताई, पटलं. फक्त याची दुसरी बाजूही आहे. लोक क्लिप बघून शिव्या देतात, तसेच क्लिप बघून फुलंही उधळतात. डिसेंबर २०१९, हैदराबाद. बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात मेले. लोकांनी पोलिसांवर पाकळ्या उधळल्या, पेढे वाटले. आमच्या ऑफिसातही पेढे आले होते, मी खाल्ला. मग सुप्रीम कोर्टाने आयोग नेमला, अध्यक्ष आपल्या नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर. त्यांचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला: पोलिसांची हकिकत रचलेली आहे, गोळ्या जिवे मारण्याच्या हेतूने झाडल्या, दहा जणांवर खुनाचा खटला चालवा. मारलेल्या चौघांपैकी काही जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात आहे. तोवर पेढे केव्हाच पचले होते.

मला म्हणायचं एवढंच, की लोकांची प्रतिक्रिया दोन्हीकडून चौकशीच्या आधी येते आणि चौकशी संपायच्या आत विरून जाते.

काळाकोट:

वकील आहे, फौजदारी बाजू बघते. भावनेचं वर झालं, मी कागदांवर येते.

मोटारवाइंडर, तुमच्या हातात वेळ थोडा आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ बघा. पदाच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. त्यानंतर शासनाची मंजुरी घेऊन दोन वर्षांपर्यंत खटला होऊ शकतो, पण ती मंजुरी मिळवताना चपला झिजतात. मानवाधिकार आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हा दुसरा दरवाजा. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये याचिका केली, निकाल २००६ मध्ये लागला. त्यातल्या सात निर्देशांपैकी एक हाच होता, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला वेगळी यंत्रणा हवी. आपल्याकडे ती २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. तिथे कोणतीही तक्रार चालत नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणं, बेकायदा अटक किंवा स्थानबद्धता, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग असे प्रकार लागतात. कानाच्या पडद्याचं भोक भरून आलं तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत बसणार नाही, कायमचं ऐकू येणं गेलं तर बसेल. म्हणून तक्रारीची सुरुवात कानापासून करू नका. साडेपाच तास नोंद न करता बसवून ठेवलं, तिथून करा. थपडा त्याच्या पोटात येतात.

केसपेपरवरचा 'पडलो' तुम्हाला नडणार. लपवू नका. भावाने प्रतिज्ञापत्रात स्वतःच लिहावं की भीतीने तसं सांगितलं, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पडद्याच्या जखमेचा सविस्तर दाखला घ्या. जबाबातल्या शेवटच्या ओळीबद्दल आजच एसपींना लेखी हरकत पाठवा, रजिस्टर पोस्टाने. उशीर झाला की ती ओळ खरी होते.

राहिला व्हिडिओ. तुम्ही म्हणता नाही. आहे! तुमच्या खिशात नाही, ठाण्याच्या भिंतीवर आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला सगळ्या ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं: आत येण्याजाण्याच्या वाटा, लॉकअप, व्हरांडा, स्वागत कक्ष. आवाजासकट. रेकॉर्डिंग अठरा महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं. १७ जूनच्या रात्रीचं फुटेज जतन करा, असा अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत माहितीच्या अधिकारात फुटेज, स्टेशन डायरीची त्या रात्रीची पानं आणि चौकशी अहवालाची प्रत मागा. अहवालाला 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येऊ शकतो, सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचं नाव पुढे करतात. तुम्ही अर्जदार आहात, अपील करा. पण फुटेजचा अर्ज आधी, बाकी सगळं मागाहून.

खोडरबर:

बाई, माझे शब्द मागे. हे प्रिंट काढून ठेवतो.

मोटारवाइंडर:

आठ दिवसांनी येतोय. हरकत पाठवली. भाऊ आधी नकोच म्हणत होता, "टेम्पो त्याच नाक्यावरनं न्यायचाय मला." ते काही खोटं नाही. शेवटी प्रतिज्ञापत्राला तयार झाला, पण फोनवर कोणाशी बोलताना अजून उजव्याच कानाला लावतो.

फुटेजचा अर्ज घेऊन मीच ठाण्यात गेलो. अर्ज वाचून ठाणे अंमलदार हसले. "त्या महिन्यात कॅमेरा बंद होता हो." मी म्हटलं, साहेब, तेवढं लिहून द्या. तर म्हणाले, लिहून कशाला, सांगितलं ना. पोच मात्र शिक्क्यासकट दिली. आता बंद होता म्हटल्यावर काय मागणार?

निवृत्त_अंमलदार:

बंद होता, हेच माग. कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची आहे, आणि बिघडला तर त्याने कॅमेऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीला ताबडतोब कळवायचं असतं. वकीलबाईंनी सांगितलेल्या त्याच निकालात आहे. म्हणजे बंद पडल्याचं पत्र निघालेलं असणार, दुरुस्तीला माणूस आला त्याची तारीख असणार. त्या दोन कागदांच्या प्रती माग. कागद निघाले तर किती दिवस बंद होता ते कळेल. नाही निघाले, तर अंमलदार तुला तोंडी का सांगत होता ते कळेल.

मोटारवाइंडर:

हे डोक्यातच आलं नव्हतं, काका. सोमवारी दुकान उशिरा उघडतो.