मदत हवी आहे: निफ्टीतल्या कंपन्या बदलल्या की माझ्या एक्सेलमधला आकडा उडतो

अमळनेरकर: ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 चा निफ्टी 50 (50 मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक) एक्सेलमध्ये रोजच्या रोज काढतोय. 28 मार्चला बीपीसीएल, ब्रिटानिया काढून जिओ फायनान्शियल आणि झोमॅटो टाकले की आकडा भलतीकडेच जातो. फॉर्म्युला दोनदा तपासला. उद्या जळगावला क्लासमध्ये दाखवायचंय, लवकर सांगा.

तापीकाठ: फॉर्म्युला कोणता? पूर्ण मार्केट कॅप (भाव गुणिले सगळे शेअर) घेतलंय की फ्री फ्लोट, म्हणजे प्रवर्तकांचे सोडून बाजारात फिरणारेच शेअर? निफ्टी 26 जून 2009 पासून फ्री फ्लोटवर चालतो.

अमळनेरकर: फ्री फ्लोटच, ते काय सांगायचं. 50 कंपन्यांची बेरीज भागिले बेस मार्केट कॅप, गुणिले 1000.

धुळे_डेरिव्हेटिव्ह: बेस मार्केट कॅप बदललं का? कंपनी आत-बाहेर झाली की बेरीज बदलते, पण त्यामुळे निर्देशांक हलता कामा नये. म्हणून भाजक (बेस मार्केट कॅप भागिले 1000) बदलतात. समजा जुन्या 50 ची बेरीज 1000, भाजक 50, निर्देशांक 20. नव्या 50 ची बेरीज त्याच भावांनी 1020 आली, तर नवा भाजक 1020 भागिले 20, म्हणजे 51. जिनिंगच्या काट्यावर ट्रॉली बदलली की रिकाम्या ट्रॉलीचं वजन पुन्हा घेतात, तसंच.

अमळनेरकर: बदललाय हो. 28 मार्चच्या बंद भावांवरून काढला.

धुळे_डेरिव्हेटिव्ह: तिथेच चुकलं. बदल 28 पासून लागू, म्हणजे नवी यादी 28 ला बाजार उघडतानाच आत. भाजक 27 च्या बंद भावांवर काढा. 27 चा निर्देशांक 23,591.95 धरा, नव्या 50 ची 27 ची बेरीज घ्या, भाजक मिळेल. मग 28 चे भाव टाका. तुमच्या पद्धतीत 28 ची चाल भाजकातच गिळली जाते. इंडेक्स फंडही खरेदी-विक्री आदल्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात, ती याचसाठी.

चाळीसगाव_कॉटन: एवढी डोकेफोड कशाला? निफ्टीचा ईटीएफ (निफ्टीतलेच शेअर धरणारा, बाजारात विकत मिळणारा फंड) घ्या, कंपन्या कोण आली-गेली ते फंडवाले बघतात.

तापीकाठ: प्रश्न गुंतवणुकीचा नाहीच, भाऊ. अमळनेरकर, उरलेल्या 48 कंपन्यांचे शेअर आणि फ्री फ्लोटचे गुणकही (एकूण शेअरपैकी किती बाजारात फिरतात तो भाग) त्या दिवशी ताजे करावे लागतात. चारच कंपन्या बदलल्या तर फरक राहणार.

अमळनेरकर: ते केलं. फरक कमी झाला, गेला नाही. 28 ऑक्टोबरलाही एकदम वर उडतो, पण ते नंतर बघू.

शिरपूर_शीट: नंतर नाही, आत्ताच बघा. 28 ऑक्टोबर 2024 ही रिलायन्सच्या 1:1 बोनसची (एका शेअरवर एक फुकट) एक्स-डेट, म्हणजे बोनसविना भाव सुरू होतो तो दिवस. भाव कुठून उतरवले? ॲडजस्टेड, म्हणजे नंतरचा बोनस धरून मागचे भावही कमी केलेले, आहेत का?

अमळनेरकर: हो, ॲडजस्टेडच. तेच बरोबर असतात ना?

शिरपूर_शीट: परताव्यासाठी बरोबर, इथे नाही. ॲडजस्टेड भाव आधीच अर्धा केलेला असतो. तुम्ही त्याला बोनसआधीच्या शेअरसंख्येने गुणता, म्हणून रिलायन्स 28 ऑक्टोबरपूर्वी निम्मा दिसतो आणि त्या दिवशी दुप्पट होतो. एचडीएफसी बँकेचा तर 1:1 बोनस 26 ऑगस्ट 2025 चा, म्हणजे तुमच्या मुदतीनंतरचा. आज उतरवलेल्या फाइलमध्ये तिचा सगळाच काळ निम्म्या भावाने आहे. उडी दिसत नाही, पण वजन निम्मं भरतं. 27 मार्चची बेरीजही त्यामुळेच चुकली. एक्सचेंजच्या रोजच्या भावफाइलीतला कच्चा बंद भाव घ्या.

चाळीसगाव_कॉटन: बोनस दिला की निर्देशांक खाली येतो, हे विसरू नका.

शिरपूर_शीट: येत नाही. भाव अर्धा, शेअर दुप्पट, गुणाकार तोच. भाजकालाही हात लावावा लागत नाही. राइट्समध्ये (जुन्या भागधारकांना पैसे घेऊन नवे शेअर) मात्र नवं भांडवल येतं, तिथे भाजक बदलतो.

तापीकाठ: साधा लाभांश तर भाजकातही धरत नाहीत. एक्स-डेटला भाव पडला की त्या कंपनीच्या वजनाप्रमाणे निर्देशांकही पडतो. लाभांश हवा तर टीआरआय, म्हणजे लाभांश धरून काढलेला निर्देशांक, बघावा.

चाळीसगाव_कॉटन: मग सेन्सेक्सचं काय? तिथे कधी बदलतात?

धुळे_डेरिव्हेटिव्ह: जून आणि डिसेंबर, 30 कंपन्या. निफ्टी मार्च आणि सप्टेंबर. पण 2023 मध्ये एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा ठरलेल्या महिन्याची वाट बघितली नाही. 13 जुलैला निफ्टीत तिच्या जागी एलटीआयमाइंडट्री आली.

अमळनेरकर: कच्चे भाव टाकले. ऑक्टोबरची उडी गेली. 28 मार्चला 23,519 च्या आसपास आलो. पण डिसेंबरअखेरपासून दोन-तीन अंकांचा फरक आहे.

शिरपूर_शीट: शेअरसंख्या आणि गुणक डिसेंबरलाही ताजे होतात. ते केले का? भाजकही त्या दिवशी पुन्हा काढा.