मिशनरी तुरुंगात गेला, त्याचीही आठवण असू द्या

'पुढे मिशनरी, मागे फौज, असाच अमेरिकेचा विस्तार झाला' असं एक विधान वाचलं, ते मला अर्धंच पटलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं प्रकरण बघा. चेरोकी या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याचा परवाना घ्यावा आणि निष्ठेची शपथ घ्यावी, असा तिथे कायदा झाला. सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्याने नकार दिला. १८३१ साली त्याला ४ वर्षं सक्तमजुरी झाली! १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. जॉर्जियाने तो धाब्यावर बसवला, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनीही काही केलं नाही. वूस्टर सुटला १८३३ मध्ये, तोही राज्याशी तडजोड करून. चेरोकींना मात्र १८३८ मध्ये फौजेने हुसकलंच, वाटेत हजारो मेले.

अर्थात मिशनरी काही साधुसंत नव्हते. चेरोकींना 'सुधारायचं' आणि ख्रिस्ती करायचं, हाच त्यांचा हेतू होता.

गंमत म्हणजे वूस्टरला पाठवणारं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड आपल्याला परकं नाही. त्यांचेच मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे नगरला गेले. तीच आपली अमेरिकन मराठी मिशन.