प्रचाराच्या वेबसाइटचं मूल्यमापन: गुण नेमके कशाला द्यायचे?

अर्धविराम
पाच उमेदवारांच्या प्रचार-वेबसाइट शेजारी शेजारी ठेवून तपासायच्या आहेत. दोन परीक्षक एकमेकांना न विचारता गुण देणार, मग ताळा करणार. सध्याचा तक्ता असा: मांडणी २०, मजकूर २०, रंग आणि फॉन्ट २०, वापरातली सुलभता २०, परिणामकारकता २०. पहिल्याच साइटला 'परिणामकारकते'साठी एका परीक्षकाने १८ दिले, दुसऱ्याने ७. बाकीचे रकाने बऱ्यापैकी जुळले.

विचारायचं ते तीन गोष्टींबद्दल. परिणामकारकता बाहेरून बघून ठरवता येते का? रंग-फॉन्टला स्वतंत्र गुण असावेत का? आणि परीक्षकाचा स्वतःचा राजकीय कल गुणांत उतरू नये म्हणून काय करायचं?

बोरू
१८ आणि ७ यांतला फरक परीक्षकांचा नाही, तक्त्याचा आहे. 'परिणामकारक' म्हणजे कोणावर, कशासाठी, हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक जण स्वतःला काय वाटलं ते लिहिणार.

आधी साइटची कामं वेगळी काढा. प्रचाराची साइट साधारण चार कामं करते: माहिती देणं, आलेल्याला सहभागी करून घेणं (ईमेल, देणगी, स्वयंसेवक नोंदणी), इतर संस्था, पक्ष, बातम्यांशी जोडून देणं, आणि समर्थकाच्या हातात पुढच्या माणसाला पटवण्याचं साहित्य देणं. चौथं काम बहुतेक तक्त्यांत नसतंच. छापायला तयार पत्रक, शेअर करायला योग्य आकाराचं चित्र, शेजाऱ्याशी काय बोलायचं याचे चार मुद्दे, हे सगळं साइटवर आहे की नाही ते बघा.

मग प्रत्येक कामासाठी हो/नाही अशी उत्तरं येतील असे प्रश्न करा. 'मजकूर चांगला आहे' हा प्रश्नच नव्हे. 'किमान पाच विषयांवरची भूमिका लिहिलेली आहे', 'निदान एका आश्वासनात रक्कम किंवा मुदत दिली आहे', 'मतदानाची तारीख मुखपृष्ठावर दिसते', 'साइट कोणी चालवली आणि खर्च कोणी केला ते तळाशी लिहिलं आहे' हे प्रश्न. असे तीस-चाळीस प्रश्न झाले की दोघांचा मेळ कोहेनच्या कप्पाने तपासा (योगायोगाने जुळलेली उत्तरं वगळून एकमत मोजणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण एकमत). ०.७ च्या वर असेल तर तक्ता वापरण्याजोगा आहे असं धरतात. एक खाच मात्र आहे. एखाद्या प्रश्नाला पाचही साइटवर 'हो'च येत असेल तर दोघांचं जवळजवळ पूर्ण एकमत असूनही कप्पा खाली घसरतो. असा प्रश्न साइटसाइटमधला फरक दाखवतच नाही, तो काढून टाका.

रंग-फॉन्टला २० गुण म्हणजे आवडीनिवडीला २० गुण. मोजता येतं तेवढंच ठेवा: अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट. साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ ही डब्ल्यूसीएजीची (सगळ्यांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) एए पातळी. पक्षाचा रंग पिवळा किंवा फिकट नारिंगी असेल तर त्यावरची पांढरी अक्षरं बहुधा ३:१ सुद्धा गाठत नाहीत. आणि नेमकं देणगीचं बटण त्याच रंगाचं असतं!

उंटावरचा_शहाणा
बोरूंशी सहमत, पण एवढ्यावर थांबलात तर तुमच्या हाती फक्त सामानाची यादी येईल. पाच विषयांवरची भूमिका साइटवर आहे, पण ती ४० पानी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहे. तक्त्यात 'हो' आणि वाचकाला शून्य. स्कॅन म्हणजे चित्र. स्क्रीन रीडर (अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) ते वाचू शकत नाही, साइटवरच्या शोधात ते सापडत नाही, आणि फोनवर बोटांनी ताणून ताणून वाचावं लागतं.

म्हणून प्रत्यक्ष माणसांना कामं द्या. 'उमेदवाराची पाणीपुरवठ्याबद्दलची भूमिका शोधा.' 'शनिवारी सकाळी दोन तास स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा.' 'ईमेल यादीतून नाव काढून टाका.' तिसरं काम मुद्दाम ठेवा, तिथे फार साइट उघड्या पडतात. सुरुवातीला पाच सेकंद मुखपृष्ठ दाखवून झाकायचं आणि विचारायचं: कोण उभं आहे, कुठल्या पदासाठी, आणि ही साइट तुम्हाला काय करायला सांगते? पद सांगता आलं नाही तर मुखपृष्ठ चुकलं आहे, मग फोटो कितीही देखणा असो.

दोष शोधायला एका साइटमागे पाच माणसं साधारण पुरतात. वेळांची तुलना करायची असेल तर पाचावर भागत नाही, वीसच्या आसपास लागतात. साइट दाखवण्याचा क्रम प्रत्येकासाठी बदला. पाचवी साइट बघेपर्यंत माणूस सरावलेला असतो आणि कंटाळलेलाही.

राजकीय कलाबद्दल: 'साइट आवडली का' असा प्रश्न असला की आपल्या उमेदवाराची साइट सुंदरच दिसते. काम पूर्ण झालं का, किती वेळ लागला, कुठे अडकला, यावर कलाचा परिणाम फार कमी होतो. कल विचारायचाच तर अगदी शेवटी विचारा. आधी विचारलात तर माणूस बाजू घेऊनच साइट बघतो.

टिंब
परिणामकारकतेचा रकाना सरळ कापा. बाहेरून अडथळे मोजता येतात, परिणाम नाही.

परिणाम मोजायला आतले आकडे लागतात: किती आले, कुठून आले, किती जणांनी फॉर्म उघडला, किती जणांनी पुरा केला. त्यातही निवड झालेली असते. उमेदवाराच्या साइटवर मुळात त्याचा समर्थक जास्त येतो. त्यामुळे 'साइट बघणाऱ्यांतल्या इतक्यांनी मत दिलं' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. 'जिंकला, म्हणजे साइट चांगली होती' हे तर त्याहून वाईट. पैसा असलेल्या प्रचाराकडे साइटही चांगली असते आणि बाकी सगळंही.

आतून मोजायचं कसं याचं नेहमीचं उदाहरण ओबामांच्या प्रचाराचं. डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या साइटच्या नोंदणी पानावर चार बटणं आणि सहा दृश्यं (तीन फोटो, तीन व्हिडिओ) अशा २४ जोड्या तपासल्या गेल्या. एकूण ३,१०,३८२ भेटी, म्हणजे दर जोडीला सुमारे १३,०००. प्रचारातल्या लोकांचा भरवसा व्हिडिओवर होता. प्रत्यक्षात तिन्ही व्हिडिओ तिन्ही फोटोंपेक्षा मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' अशा अर्थाचं बटण ही जोडी पहिली आली. नोंदणीचं प्रमाण मूळ पानाच्या ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्के झालं.

यातून 'व्हिडिओ वाईट' हा धडा काढू नका. त्या पानावर, त्या महिन्यात, त्या लोकांसाठी वाईट होता, इतकंच. आणि मोजली ती नोंदणी, मत नव्हे.

छोट्या प्रचाराला हे झेपत नाही, याचं कारण साधं गणित आहे. नोंदणी ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेली हे नेहमीच्या विश्वासपातळीने (९५ टक्के, आणि फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता ८० टक्के) दाखवायला प्रत्येक बाजूला (जुन्या पानाला आणि नव्या पानाला) सुमारे ८,००० भेटी लागतात. दिवसाला २०० भेटी असतील तर दोन्ही बाजू मिळून ८० दिवस. तोवर मतदान होऊन गेलेलं असतं. त्यांनी बटणाचे रंग तपासत बसू नये, फॉर्ममधले रकाने कमी करावेत.

अर्धविराम
रकाना कापला. मग अडथळ्यांचा एक वेगळा भाग करतो. त्यात तांत्रिक बाबी कोणत्या घ्याव्यात? आणि त्या कोणत्या फोनवर तपासायच्या?

कोरा_कागद
फोन स्वस्तातला अँड्रॉइड, नेटवर्क मुद्दाम मंद केलेलं. ऑफिसच्या वायफायवर आणि महागड्या फोनवर सगळ्याच साइट चांगल्या असतात.

वेगासाठी गुगलच्या तीन मोजमापांच्या मर्यादा धरा: मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांच्या आत (एलसीपी), बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत (आयएनपी), आणि पान हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत (सीएलएस). हे प्रत्यक्ष भेटींपैकी ७५ टक्के भेटींत जमायला हवं. लाइटहाउसचा (साइट तपासण्याचं गुगलचंच साधन) गुण वेगळा. ती प्रयोगशाळेतली एक फेरी असते आणि दर वेळी थोडी बदलते, म्हणून पाच वेळा चालवून मधला आकडा घ्या. कमी वर्दळीच्या साइटचा प्रत्यक्ष भेटींचा डेटा बहुधा मिळणारच नाही. मग पाचही साइटना लाइटहाउसच लावा, दोन मोजपट्ट्या मिसळू नका. सीएलएस बिघडतो तो बहुतेक वेळा उशिरा उगवणाऱ्या कुकी-पट्टीमुळे किंवा आकार न दिलेल्या फोटोमुळे. बटणावर बोट टेकायला जावं आणि तेवढ्यात ते खाली सरकावं, तो हाच दोष.

फॉर्म स्वतः भरून बघा. फोन नंबरच्या रकान्यात अंकांचा कीबोर्ड येतो का? एक रकाना चुकला तर बाकीचं भरलेलं तसंच राहतं का? चूक त्या रकान्याशेजारी सांगतात की वर लाल पट्टीत? बटण दोनदा दाबलं तर नोंद दोनदा होते का? देणगीच्या फॉर्मवर पैसे भरण्याच्या आदल्या पायरीपर्यंतच जा.

नोंदणीसाठी प्रत्येक साइटला वेगळा, नवा ईमेल पत्ता द्या. पुष्टीचा मेल किती मिनिटांत आला, स्पॅममध्ये गेला का, पहिल्या सात दिवसांत किती मेल आले आणि त्यांत पैसे मागणारे किती, हे टिपून ठेवा. तुमचा पत्ता दुसऱ्याच कोणाच्या यादीत गेला तर तेही लगेच कळतं. मेल स्पॅममध्ये जाण्यामागे अनेकदा एसपीएफ, डीकेआयएम किंवा डीएमएआरसीच्या नोंदी (मेल खरंच त्याच डोमेनवरून आला हे तपासायच्या खुणा) नसणं हे कारण असतं. त्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, कोणालाही दिसतात.

मग पत्ता चार तऱ्हांनी टाका: 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याशिवाय, 'एचटीटीपीएस'सह आणि साध्या 'एचटीटीपी'ने. चारही एकाच ठिकाणी पोचायला हवेत. ६ नोव्हेंबर २०१२ ला, ऐन मतदानाच्या दिवशी, अमेरिकेतले अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचाराची 'ओर्का' ही स्वयंसेवकांसाठीची यंत्रणा कोलमडली. तिच्या अनेक दुखण्यांपैकी एक हेच होतं: सुरक्षित पत्ता न टाकणाऱ्याला पुढे वळवण्याची सोयच नव्हती. शिवाय ती मोबाइलवर चालणारी वेबसाइट होती आणि लोक ती अ‍ॅप स्टोअरमध्ये शोधत बसले.

उमेदवाराच्या नावाचे जवळचे डोमेनही बघा. २०१५ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उतरलेल्या, एचपी कंपनीच्या माजी प्रमुख कार्ली फिओरिना यांच्या नावाचं 'डॉट ओआरजी' डोमेन घ्यायचं राहून गेलं. दुसऱ्याने ते घेऊन त्यावर ३०,००० रडके चेहरे मांडले, त्यांच्या कंपनीतून कमी केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी दर माणशी एक.

बोरू
अडथळ्यांच्या भागात एक उलटी बाजूही घाला. काही साइटवर अडथळा मुद्दाम काढलेला असतो. देणगीच्या फॉर्मवर 'दर आठवड्याला द्या' या चौकोनात आधीच खूण करून ठेवलेली. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत यावरून परताव्याच्या इतक्या तक्रारी आल्या की मे २०२१ मध्ये तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने अशा खुणांवर बंदी घालावी अशी शिफारस एकमताने तिथल्या संसदेला (काँग्रेसला) केली. असा फॉर्म आकड्यांत 'परिणामकारक'च दिसेल. तुमच्या तक्त्यात त्याला उणे गुण हवेत. 'आज मध्यरात्री संपतंय' म्हणणारं घड्याळ पान पुन्हा उघडल्यावर नव्याने सुरू होत असेल, तर तेही उण्यातच.

टिंब
आणि नोंदी ठेवा. प्रचाराच्या साइट निकालानंतर लवकर गायब होतात, आणि त्याआधीही मजकूर गुपचूप बदलतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी मुखपृष्ठ, भूमिका आणि देणगीचं पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) साठवा, शिवाय ३६० आणि १३६६ पिक्सेल रुंदीचे स्क्रीनशॉट घ्या. वेबॅकवर फॉर्म आणि व्हिडिओ बऱ्याचदा नीट उतरत नाहीत, म्हणून स्क्रीनशॉट.

दोन परीक्षकांचे गुण अचानक जुळेनासे झाले तर भांडण्याआधी दोघांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. साइट स्वतःच ए/बी चाचणी (वेगवेगळ्या लोकांना पानाची वेगवेगळी रूपं दाखवून तुलना) चालवत असेल तर दोघांनी वेगवेगळी पानं पाहिलेली असू शकतात. खासगी खिडकीत चार-पाच वेळा उघडलं की ते उघड होतं.